हात धुऊन ये

"हात पुढे कर."

मी केले. सरांनी वाकून माझी बोटं हुंगली. खरंच हुंगली. बाजारात गिऱ्हाईक मासोळी ताजी आहे का बघतं, तशी. मग खिशातला रुमाल नाकाला लावला आणि वर्गाकडे वळून म्हणाले, "ढिवराची पोरगी गिटार वाजवणार म्हणे! तारांना वास लागेल. हात धुऊन ये."

अख्खी नववी हसली. माझ्या डब्यातली झिंग्यांची चटणी रोज खाणारी मैत्रीणसुद्धा. मी नळावर गेले, हात धुतले, परत आले. सरांनी पुन्हा हुंगले.

"अजून आहे. जा."

तीनदा गेले त्या दिवशी.

पवनी तालुक्यात आमचं गाव. बाबा तलावात जाळं टाकतात, माय बाजारात मासोळ्या विकते. शाळेआधी मी तिच्यासोबत मासोळ्या साफ करायची. यंदा शाळेत एक प्रकल्प आला. प्रत्येकानं एक गोष्ट निवडायची, आपली आपण शिकायची आणि स्नेहसंमेलनात सगळ्यांसमोर करून दाखवायची. कुणी सायकल दुरुस्ती लिहिली, कुणी शिवणकाम. मी गिटार लिहिली. शाळेच्या कपाटात एक होती, कुण्या माजी विद्यार्थ्यानं दिलेली. कुणालाच वाजवता येत नव्हती. काचेतून मी तिला दोन वर्षं बघत होते.

प्रकल्पाच्या मॅडम नव्या होत्या. त्या लगेच हो म्हणाल्या. पण कपाटाची किल्ली सरांकडे. सर म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांचे मेहुणे. त्यांना कुणी काही बोलत नसे.

शाळा सुटल्यावर एक तास मिळायचा. आधी हात दाखवायचे. मग हुंगणं. मग साबण. मग पुन्हा हुंगणं. शिपाईकाका बघत उभे असायचे आणि मान खाली घालायचे. कपाट उघडताना सर रोज तेच म्हणायचे, "काही तुटलं तर तुझा बाप भरून देणार आहे का?"

मी भ्यायची. बाबांच्या मोबाईलवर व्हिडिओ लावायची, आवाज अगदी बारीक. तार दाबायची, पण छेडायची भीती वाटायची. व्हरांड्यात चपला वाजल्या की मोबाईल बंद करायची. पहिले आठ दिवस मी जवळजवळ मुकीच गिटार शिकले. बोटांना फोड आले. ते फुटले, तिथं कातडी निबर झाली. एक दिवस दोन बोटांत ई मायनर नावाचा कॉर्ड नीट वाजला. साफ. सगळ्या सहाही तारा. मी घाबरून हातानं आवाज दाबून टाकला.

हळूहळू जी आला, मग डी. धानाच्या रोवणीच्या वेळी बांधीतल्या चिखलात उभ्या राहून बाया गातात, ती एक चाल मी त्या तीन कॉर्डवर बसवली. कुणी शिकवली नाही. रोज थोडी थोडी सापडत गेली.

पण घरी मी वेगळीच होत होते. मासोळ्या साफ करणं सोडलं. मायला खोटं सांगितलं, अभ्यास आहे. लिंबू घासायची, निरमा घासायची. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. शाळेत जाताना रस्त्यात दहादा बोटं नाकाशी न्यायची. आता सरांची गरजच नव्हती. मीच मला हुंगत होते.

एका संध्याकाळी बाबांनी माझ्या ताटात रोहूचा तुकडा वाढला. पोटाकडचा, मला आवडतो तो.

मी ताट सरकवलं. "मले नोको. वास येते."

बाबांनी तो हात धोतराला पुसला, उठले, आणि आपलं ताट घेऊन अंगणात जाऊन बसले. माझ्यापासून दूर. मला वास येऊ नये म्हणून.

माय एवढंच म्हणाली, "कोन शिकवते व तुले हे?"

मला उत्तर माहीत होतं. रात्रभर रडले नाही, पण झोपही आली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मायच्या शेजारी विळी घेऊन बसले.

स्नेहसंमेलनाला बाबा आले. धुतलेला शर्ट घालून, मागच्या रांगेत. पहिल्या रांगेत अध्यक्ष आणि पाहुणे. माझं नाव पुकारलं. मी गिटार घेऊन स्टेजवर गेले तर खुर्चीशेजारी बादली आणि साबण ठेवलेला. सर माईकवर हसत म्हणाले, "आमची ही विद्यार्थिनी ढिवरांची आहे, म्हणून आधी हात धुण्याचा कार्यक्रम." पाहुणे हसले.

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले होते.

मी म्हटलं, "नाही धुणार."

"काय?"

"मी घरून धुऊन आली, सर. बाकीच्याईचे हात तुमी कधी हुंगले?"

सरांनी गिटार माझ्या हातातून ओढून घेतली. "वाजवू नको मग. खाली हो."

मी वाजवलं नाही. खाली उतरले. टाळी कुणीच वाजवली नाही.

घरी जाताना बाबा म्हणाले, "कायले बोलली? दहावी त्याईच्याच शाळेत काढाची हाय."

"तुमी हात काहून लपवले, बाबा?"

ते चालत राहिले.

मी तालुक्याच्या शिक्षण अधिकाऱ्यांना अर्ज लिहिला. तारीखवार, सर काय बोलले ते त्यांच्याच शब्दांत. मॅडमना दाखवला. त्यांनी वाचून परत दिला. "सगळं खरं आहे. पण मी कंत्राटावर आहे गं. माझं नाव घालू नकोस." मी घातलं नाही. खाली फक्त माझी सही केली आणि पोस्टात टाकला.

चार दिवसांनी सर घरी आले. अंगणाबाहेरच थांबले, नाकाला रुमाल. "अर्ज मागं घ्यायला सांगा हिला. दहावीचे तोंडी परीक्षेचे गुण आमच्याच हातात असतात."

बाबांनी हात जोडले. "लहान हाय, सर. समजावतो."

मी दारात उभी होते. "मागे नाही घेत," मी म्हटलं. आवाज फाटला. पुन्हा म्हटलं.

उद्या अकरा वाजता अर्जाची चौकशी आहे. सर असतील, अध्यक्ष असतील. बाबा येतील की नाही, माहीत नाही. मॅडम येणार नाहीत. गुण कापतील. कदाचित नापास करतील. सगळं होऊ शकतं.

विचारतील तेवढं सांगीन. नाही विचारलं, तरी सांगीन. अर्ज मागे घेणार नाही.