खिव्याची रेशमी नोट

भाऊकाका रविवारी सकाळी नोटा वाळत घालत. दांडिया बाजारात आमच्या आणि त्यांच्या घराला एक सामाईक अंगण होते. तिथल्या एका दोरीवर माईकाकूंची लुगडी असत आणि दुसऱ्या दोरीवर रशियातल्या राज्यक्रांतीच्या नोटा. खाली आरामखुर्चीत भाऊकाका, मांडीवर माकडे हाकलायची काठी. कोणी थांबून पाहू लागले तर सांगत, "कागदाला हवा लागली नाही तर तो आतल्या आत कुजतो. माणसासारखाच." हे म्हणताना ते माझ्याकडे पाहत, कारण मी फारशी कोणाशी बोलत नसे.

मी कँपातल्या इंग्रजी शाळेत जात होते. घरी मराठी, बाजारात गुजराती आणि वर्गात इंग्रजी अशा तीन भाषांत गप्प बसायची मला सवय झाली होती. भाऊकाकांना ती आवडे. महाराजांच्या खासगी खात्यात सारा जन्म काढल्यामुळे त्यांचे मत होते की, बोलक्या माणसाला नोट दाखवू नये, तो लगेच किंमत विचारतो.

नोटा येत त्या जर्दाळूंबरोबर. मांडवीजवळ बुखाऱ्याकडचा एक मेवेवाला बसे. तिकडे झारचे राज्य बुडाले तेव्हा गावागावाने आणि सेनापतींनी आपापल्या नोटा छापल्या होत्या. सेनापती पळाला की त्याच्या नोटांची रद्दी होई, आणि हा मेवेवाला त्या रद्दीत माल बांधून देई. भाऊकाकांनी पहिली पुडी सोडली ती कागदासाठी. त्यानंतर घरात जर्दाळूंना खंड पडला नाही. काकूंनी ते आमटीत घातले, त्यांचे लोणचे घातले, हळदीकुंकवाला वाटले. आमच्या सगळ्या ओळीची पोटे बिघडली. काकू कुरकुरल्या तर भाऊकाका म्हणत, "राज्यक्रांती पोटात गेल्याशिवाय कळत नाही."

मला इंग्रजी येते म्हणजे परदेशी असे सगळेच वाचता येते, अशी त्यांची समजूत होती. एकदा त्यांनी एका नोटेवरचा शब्द वाचायला सांगितला. मी म्हटले, ही लिपी इंग्रजी नाही. ते म्हणाले, दिसतात तशी अक्षरे सांग. मी सांगितले: पी, वाय, मग सहाच्या आकड्यासारखे काहीतरी, मग मांडवासारखे, मग ई, शेवटी टोपी घातलेले उलटे एन. त्यांनी पहिल्या दोन अक्षरांवरच हात वर केला.

"पी, वाय. पाय. अगं, म्हणजे पै."

पुढच्या चार अक्षरांचे काय, असे मी विचारले नाही. त्या दिवसापासून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले की एवढी मोठी क्रांती झाली, पण रशियनांना आपली पै काही सुटली नाही. "झार गेला, पै राहिली." खात्यातले त्यांचे जुने सोबती हे ऐकून गंभीरपणे मान हलवीत.

संग्रहातला राजा म्हणजे खिव्याची नोट. बुखाऱ्याच्या पलीकडच्या खिव्यात कागद मिळेना म्हणून तिथल्या नव्या सरकारने रेशमावरच नोटा छापल्या होत्या. तांबड्या-पिवळ्या रेशमाचा हातरुमालाएवढा तुकडा, भोवती वेलबुट्टी, मध्ये पाचशेचा आकडा. मेवेवाल्याने तो पागोट्यातून काढला आणि भाऊकाकांनी बदल्यात आपले जरीकाठी उपरणे दिले. पाठोपाठ बातमी आली की बागेतल्या संग्रहालयाचे एक साहेब संग्रह पाहायला येणार. पसंत पडला तर काचेच्या कपाटात ठेवतील, खाली भाऊकाकांचे नाव. भाऊकाकांना मूलबाळ नव्हते. "आमचं नाव आता त्या कपाटानंच चालवायचं," असे ते हसत म्हणाले. काकू हसल्या नाहीत.

साहेब यायच्या आधीच रेशमी नोट नाहीशी झाली. रविवारी वानरांची टोळी दोन्ही दोऱ्यांवरून गेली आणि सगळे खाली पडले. कागद मिळाले, रेशीम मिळेना. भाऊकाकांनी वानरांना दोष दिला, मग मेवेवाल्याला, मग बोल्शेविकांना. काठी घेऊन ते कौलांवर नजर ठेवून बसत. जेवणही तिथेच मागवत.

वरच्या मजल्यावर बिऱ्हाडाने राहणाऱ्या शालूताईच्या मुलाचे बारसे त्याच आठवड्यात झाले. बायकांचे पाळणे म्हणून झाल्यावर भाऊकाकांना आशीर्वाद द्यायला बोलावले. ते पाळण्यावर वाकले आणि तसेच वाकून राहिले. बाळाच्या कपाळावर पाचशेचा आकडा होता. लुगड्यांत आलेला रेशमाचा तुकडा काकूंनी चिंध्यांच्या गाठोड्यात ठेवला होता, आणि त्याचे टोपडे शिवून बाळाला घातले होते. वेलबुट्टी मात्र त्यांनी फार हुशारीने कानांवर बसवली होती.

घरी आल्यावर काकांचा आवाज भिंतीपलीकडून ऐकू आला, आणि नंतर काकूंचा. "अहो, बारशाला घातलेलं कोणी परत मागतं का? पोराला बाधेल."

ठरल्या दिवशी साहेब आले. शालूताईला विनंती करून भाऊकाकांनी बाळाला मागवून घेतले होते. टेबलावर एका ओळीत नोटा मांडल्या होत्या, आणि खिव्याच्या जागी उशीला टेकवून बाळ. समोर मी इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी: खिवा, रेशीम. बाळाने ती खायला घेतली. साहेबांनी भिंग काढून बाळाच्या कपाळावर धरले, तेव्हा बाळाने त्यांची मिशी धरली. ती सोडवून घेतल्यावर साहेब सभ्यपणे म्हणाले की बाकीच्या नोटा पुष्कळांकडे असतात. ही असेल तर कपाट देता येईल, नाहीतर नाही.

"घ्या ना, काका," शालूताई म्हणाली. "टोपडं काय, दुसरं शिवू." तिने बंद सोडले. टोपडे निघाले तसे बाळ रडू लागले. भाऊकाकांनी ते हातात घेतले, आतून बाहेरून पाहिले. काकू दारात उभ्या होत्या. मग भाऊकाकांनी ते पुन्हा बाळाला घातले. बंद त्यांना बांधता येईनात, ते काकूंनी बांधले.

"माफ करा, साहेब," भाऊकाका म्हणाले. "ही नोट देता येणार नाही. ही चलनात आहे."

कपाट मिळाले नाही. पण शालूताईचा मुलगा असा गुटगुटीत निघाला की बायका ते टोपडे मागून नेऊ लागल्या. आधी घडियाळी पोळेच्या गल्लीत गेले, तिथून वाडी मोहल्ल्यात, तिथून कोणाच्या तरी माहेरी. प्रत्येक बारशाला भाऊकाका न बोलावता जात, वाकून आकडा पाहत आणि समाधानाने परत येत.

शेवटच्या आजारात ते फार बोलत नसत. एका दुपारी शालूताई आणि मी बसलो होतो. त्यांनी विचारले, सध्या कुठे आहे? शालूताईने सांगितले, नवसारीला, तिच्या नणंदेच्या जावेकडे. मुलगी झाली आहे.

"नाव काय ठेवलं?"

शालूताईला ठाऊक नव्हते. ती माझ्याकडे पाहू लागली. मलाही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

"सुमन," मी म्हटले.

भाऊकाकांनी डोळे मिटून थोडा विचार केला. "नवसारी आपल्याच राज्यात," ते म्हणाले. "चालेल."