खोबरेल तेल

शिंदखेड्याच्या पोस्टातले ते क्लार्क डोक्याला इतकं खोबरेल का थापतात, हे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

परवा आईचा निराधारचा पगार काढायला गेलो. कापूस वेचून झिजलेला तिचा अंगठा मशीन घेईना. पैसे न घेताच परतावं लागणार, असं वाटलं.

"कोरडा आहे. केसांच्या तेलावर घासा," ते म्हणाले.

पण तालुक्याला यायचं म्हणून आई डोक्यावरून न्हाली होती.

त्यांनी खिडकीतून मान खाली घातली. "मना डोकाले घसा, अक्का. तेल ताजं शे."

"तुम्हना डोकाले?" आई लाजली, मग आशीर्वाद द्यावा तसा तिने अंगठा टेकवला.

मशीन वाजलं. रांग हसली. विस्कटलेला भांग तसाच ठेवून ते म्हणाले, "पुढचं कोण?"