डाव्या हाताचा गिअर

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर थोरलीनं सांगितलं की ती आता गाडी शिकणार आहे, आणि तुमच्याकडे आलेल्या नव्या बॅटरीच्या गाडीत गिअर नावाची वस्तूच नाही. धाकट्यानं लगेच विचारलं, "आजी, गिअर म्हणजे काय?" मी सांगायला सुरुवात करणार तोच तुमची शाळेची वेळ झाली. म्हणून आत्ता लिहायला बसले आहे. गिअर काय असतो ते तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. तुमच्या मामीनं एका गिअरसाठी काय केलं, ते मात्र मी लिहिलं नाही तर कुणीच लिहिणार नाही. मामा लिहिणार नाही, कारण त्याला तेव्हा तो खुळेपणा वाटला होता. आणि मामीला स्वतःबद्दल दोन ओळीसुद्धा लिहिता येत नाहीत.

आजोबा गेल्यापासून मी हिवाळा जेद्दाला मामाकडे काढते. मामा बंदरावर नोकरी करतो. मामी जेद्दातल्याच एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे हे तुम्हाला माहीत आहे. पण आठवड्यातून दोनदा ती तायफला जाते, हे कदाचित माहीत नसेल. तिथल्या केंद्रात चालायला उशीर लागलेली लहान मुलं येतात. मामी त्यांना उभं करते. एकदा मी तिच्याबरोबर गेले होते. पांढरा कोट न घालता ती तिथे जमिनीवर पालथी पडते, मुलाच्या समोर, आणि तोडक्यामोडक्या अरबीत त्याला बोलावते. पोरगं हसतं आणि पाऊल टाकतं.

तायफ डोंगरावर आहे. जेद्दाहून निघालं, मक्केला वळसा घातला आणि सपाट वाळवंट संपलं, की अल हदाचा घाट लागतो. उघडा, तपकिरी डोंगर आणि त्याच्या अंगावर वळणामागून वळण. कठड्यावर माकडं बसलेली असतात, चांगली दांडगी, केसाळ. वर पोचल्यावर थंड वारा येतो आणि गुलाबपाणी विकणारे भेटतात. चढताना मौज वाटते. उतरताना मला नेहमी पदर घट्ट धरावासा वाटतो.

गाडी म्हणाल तर मोठी, उंच, महागातली एसयूव्ही. मामाच्या ऑफिसातल्या एका साहेबानं देश सोडताना ती मामाला दिली. चामड्याच्या सीटा, आणि त्या गरम करायचं बटणसुद्धा. जेद्दात सीट गरम करायचं बटण! ऊन ते काम फुकट करतं. गाडी ऑटोमॅटिक, म्हणजे गिअर ती आपली आपण बदलते. आपल्या हातानं बदलायचा असेल तर दोन सीटांच्या मध्ये दांडा असतो, तो बाजूला सरकवून पुढेमागे करायचा. इथवर सगळं ठीक होतं.

आता मामीचा डावा हात. ती कराडची. तिचे वडील, म्हणजे माझे व्याही, एसटीवर ड्रायव्हर होते. कुंभार्ली घाटात त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांनी पोरीला स्वतः जीप शिकवली. भारतात ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून गिअर डाव्या हातानं टाकायचा. सौदीत ड्रायव्हर डावीकडे बसतो आणि दांडा उजव्या हाताला येतो. मामी इथे कित्येक वर्षं गाडी चालवते आहे. रोजच्या रस्त्यावर दांड्याचं काम पडत नाही. पण अचानक काही झालं की तिचा डावा हात आपोआप खाली जातो, जिथे जीपचा दांडा असायचा तिथे. या गाडीत त्या जागी दार आहे.

त्या दिवशी आम्ही दोघी तायफहून उतरत होतो. अर्ध्या घाटात जळकट वास आला. मी म्हटलं, "कुणाचं तरी जेवण करपलं." मामीचा पाय ब्रेकवर होता आणि ब्रेक नेहमीपेक्षा खोल जात होता. सतत दाबून दाबून तापल्यामुळे ब्रेकची पकड सुटत चालली होती. तिनं गिअर खाली आणायला हात टाकला आणि भसकन माझ्या तोंडावर वारा आला. डाव्या हातानं दारावरचं बटण दाबलं होतं. तिच्या बाजूची काच उतरली होती. तिनं पुन्हा हात टाकला. काच पुन्हा वर गेली.

मामी ओरडली नाही, मलाही ओरडू दिलं नाही. "आई, बेल्ट आवळा," एवढंच म्हणाली, आणि हातब्रेकचं बटण ओढून धरून, गाडी डोंगराच्या बाजूला घासेल इतकी जवळ ठेवत, पुढच्या थांब्याच्या मोकळ्या जागेत तिनं ती उभी केली. चाकांतून धूर येत होता. मागून एक सौदी गृहस्थ कुटुंबासह आले, पाण्याचा कॅन घेऊन धावत चाकाकडे निघाले. मामी त्यांना आडवी गेली. "ला, ला! पाणी नको, तापलेलं लोखंड तडकेल!" अरबी कमी पडली तेव्हा तिनं दोन्ही हातांनी फुटण्याची खूण केली. त्यांना कळलं. मग त्यांच्या बायकोनं आम्हाला थर्मासमधली कॉफी आणि खजूर दिले, आणि ब्रेक निवेपर्यंत ती माणसं आमच्याबरोबर थांबली.

घरी आल्यावर मामी म्हणाली, "मी तायफचं सोडते."

मामा म्हणाला, "सोड. किंवा ड्रायव्हर ठेवू."

"आज मागच्या सीटवर बसले, तर पुन्हा पुढे बसणार नाही मी. माझं मला कळतं."

"अगं, पण दांडा उजवीकडे आहे! एवढं साधं—"

"डोक्याला माहीत आहे. हाताला नाही."

मग कराडला फोन झाला. व्याह्यांचा आवाज मला लांबूनसुद्धा ऐकू येत होता. "पोरी, तुला काय शिकवलं होतं? ज्या गिअरात घाट चढायचा..."

"त्याच गिअरात उतरायचा. माहीत आहे, दादा."

"मग?"

"गाडी ऑटोमॅटिक आहे."

"म्हंजे गाडीला अक्कल आणि ड्रायव्हरला सुट्टी? घाटात सुट्टी नसती."

पुढे येणार की नाही, ते केंद्राला महिनाअखेरीपर्यंत कळवायचं होतं. मामीनं कळवलं नाही, पण तायफच्या पुढच्या फेऱ्या तिनं रद्द केल्या. केंद्रातल्या एका मुलाची आई रोज त्याचा व्हिडिओ पाठवत होती; मूल भिंत धरून उभं होतं. मामी तो बघायची आणि फोन पालथा ठेवायची.

मग एका संध्याकाळी ती हॉस्पिटलातून आली ती हसतच. तिथल्या पार्किंगमध्ये एका डॉक्टरांची आपल्यासारखीच गाडी होती, वरच्या मॉडेलची. तिच्या स्टिअरिंगच्या मागे दोन्ही बाजूंना कानासारखी दोन छोटी पाती होती. उजवं ओढलं की गिअर वर, डावं ओढलं की गिअर खाली. त्याला पॅडल शिफ्टर म्हणतात. "आई," ती म्हणाली, "खालचा गिअर डाव्या हाताला आहे."

एजन्सीत सांगितलं, तुमच्या मॉडेलला बसत नाही, वरचं मॉडेल घ्या. मामा म्हणाला, "बघ, खलास." मामी म्हणाली, "बसत नाही, की बसवत नाहीत?" आणि तिनं शोध सुरू केला. मला हे फार आवडलं. ती परीक्षेला बसल्यासारखी वाचत होती, आकृत्या काढत होती, गाड्यांच्या दुरुस्तीच्या वस्तीत, जिला सगळे सनाया म्हणतात, तिथे एकेका गॅरेजला जाऊन विचारत होती. तीनचार ठिकाणी लोकांनी तिच्याऐवजी बरोबर गेलेल्या मामाकडे बघून उत्तरं दिली. पाचव्या ठिकाणी रायगड किनाऱ्यावरचे एक वयस्क इलेक्ट्रिशियन निघाले. त्यांनी उत्तर तिलाच दिलं, आणि तेही मराठीत.

"ताई, तुमच्या गाडीत वायर कंपनीतूनच आलीय. वाट आहे, त्या वाटेनं कोणी जात नाही इतकंच. पातीवालं स्टिअरिंग आणा, मी जोडतो."

जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या तशलीहच्या आवारात, मैलभर मोडक्या गाड्यांमधून हिंडून, मामीनं तसं स्टिअरिंग मिळवलं. मागून धडक बसलेल्या एका गाडीचं होतं, म्हणजे पुढचा भाग जसाच्या तसा. ते मांडीवर घेऊन ती घरी आली, लहान मूल आणावं तशी.

बसवायच्या दिवशी मीही गेले. इलेक्ट्रिशियननी आधी बॅटरीची तार काढली आणि सगळ्यांना चहा प्यायला लावला. एअरबॅगमधली वीज पूर्ण जाईपर्यंत तिला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. मग बॅग अलगद काढून तोंड वर करून बाजूला ठेवली. जुनं स्टिअरिंग काढण्याआधी ते ज्यावर बसतं त्या दांड्यावर खडूची रेघ मारली, म्हणजे नवं वाकडं बसायला नको. मला शिस्तीची कामं बघायला आवडतात; मी स्क्रू निघतील त्या क्रमानं डब्याच्या झाकणात मांडत होते. "मावशी," ते म्हणाले, "इकामा असता तर तुम्हाला कामावर ठेवलं असतं." इकामा म्हणजे इथे राहून काम करायचा परवाना.

सगळं बसलं. मामीनं गाडी सुरू करून डावं पातं ओढलं. काहीच झालं नाही. मामा काही बोलणार होता. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. इलेक्ट्रिशियननी लॅपटॉप जोडला. गिअरबॉक्सला अजून सांगितलंच नव्हतं की स्टिअरिंगवर आता पाती आहेत. सांगून झाल्यावर मामीनं पुन्हा ओढलं आणि समोर आकडा बदलला. तिनं त्यांच्याकडे पाहून हात जोडले.

सपाट रस्त्यावर चालणं वेगळं आणि घाट वेगळा. पुढच्या फेरीला मामा बरोबर येतो म्हणाला. मामी म्हणाली, "तू नको, तू शिकवशील. आईंना येऊ दे."

केंद्रातलं काम संपवून आम्ही उतरायला लागलो. पहिल्या वळणाआधीच तिनं डाव्या बोटानं पातं ओढलं. इंजिन गुरगुरलं आणि गाडी आपोआप मंदावली, कुणीतरी मागून पदर धरावा तशी. पुन्हा ओढलं. आकडा दोनवर आला. तिचा पाय ब्रेकच्या बाजूला नुसता टेकलेला होता, वळणापुरता दाबत होती आणि सोडत होती. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला. मामी आरशात बघून म्हणाली, "यल्ला, जा बाबा पुढे," आणि त्याला वाट दिली. मी तिच्याकडे बघत होते. तिचे खांदे खाली आले होते.

पायथ्याला तिनं गाडी थांबवली, उतरून चारही चाकांजवळ वाकली, नाकानं हुंगलं. वास नव्हता. तिथूनच कराडला फोन.

"दादा, दुसऱ्यात उतरले."

"चढलीस कशात?"

"ते गाडीनं ठरवलं."

"मग पुढच्या खेपेला तिला विचारून ठेव," व्याही म्हणाले. नंतर ते म्हणाले, "विहीणबाई आहेत का शेजारी? त्यांना म्हणावं, पोरगी आता ड्रायव्हर झाली."

त्याच रात्री जेवताना मामीनं केंद्राला कळवलं की ती येत राहील. मामानं दुसऱ्या दिवशी गाडी धुतली. माफी मागायची त्याची तीच पद्धत आहे.

गाडी आता जुनी झाली आहे. पुढच्या सीटचं चामडं भेगाळलं आहे आणि सीट गरम करायचं बटण कधीच बंद पडलं. भिंत धरून उभा राहणारा मुलगा शाळेत जातो. उजव्या पात्यावरचं अधिकचं चिन्ह नव्यासारखं आहे, डाव्यावरचं वजाचं चिन्ह बोटानं झिजून गेलं आहे. पण पातं चालतं, आणि मामी अजून आठवड्यातून दोनदा तायफला जाते.