कमी किरणं

महामाया चिखलीच्या एका खासगी दवाखान्यात एक्स-रे काढायची. सासू चांगुणाबाईचा खोकला हटेना, म्हणून तिनं तिला आपल्याच दवाखान्यात आणलं. मशीन बघताच म्हातारीनं तिचा हात धरला.

"मले किरणं कमीच दे वं माय. शेजारची दीपमाला म्हणे, हाडं ठिसूळ होतेत."

"दीपमाला डॉक्टर हाये काय, आत्या?"

"नसन. पण तू त सून हायेस न माही?"

महामाया हसली आणि तिनं खरंच हात आखडला. मशीनवर दोन आकडे लावायचे असतात. किलोव्होल्टमुळे किरणांना शरीर भेदून जायचा जोर येतो. एमएएसवर ती किती निघणार हे ठरतं. तिनं दोन्ही उतरवले. म्हातारी हाडकुळी, चालून जाईल.

चित्र दाणेदार आलं. किरणं पुरेशी पोचली नाहीत की तसंच येतं, हे तिला पडदा बघताच कळलं. पुन्हा काढायला हवं होतं. पण बाहेर रांग होती आणि आत्या लुगडं सावरून मोकळी झाली होती. तिनं तोच एक्स-रे पुढे पाठवला.

डॉक्टरांना छातीभर बारीक ठिपके दिसले. "टीबी असू शकतो. थुंकीचा रिपोर्ट येईपर्यंत घरात जपून राहा."

नवऱ्यानं, संघर्षनं, आईचं ताट आणि पेला त्याच दिवशी वेगळा काढला. नात समताला आजीच्या अंथरुणातून उचललं. लहानपणी मालकाच्या अंगणात वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं प्यालेली ही बाई आता स्वतःच्या घरात मोरीपाशी बसून आपलं ताट आपणच घासू लागली. कुरकूर नाही. समता दारात आली की म्हातारी तोंडावर पदर घ्यायची. महामाया भाकरी थापत बघायची. सांगितलं तर नोकरीवर येईल. रिपोर्ट येईलच की आता, अशी ती स्वतःची समजूत घालायची.

एका सकाळी चांगुणाबाई म्हणाली, "मी मेली त हे भांडे पोरीले नको देजो. फेकून देजो."

महामायाला राहवलं नाही. "आत्या, तो फोटोच बिघडला होता. मी किरणं कमी सोडली."

सासूनं आपलं ताट बाजूला सारलं. मग उठली. "चाल. पुन्हा काढ."

या वेळी आकडे नेमके लावले. छाती स्वच्छ होती. डॉक्टरांनी दोन्ही एक्स-रे शेजारी धरले. "पहिला असा कसा आला?"

"मीच हालली, साहेब," चांगुणाबाई पटकन म्हणाली.

"नाही सर," महामाया म्हणाली. "आकडे मीच कमी ठेवले. आणि मला ते तेव्हाच कळलं होतं."

डॉक्टर बाहेरच्या पेशंटनाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. ती मान खाली घालून उभी राहिली. नोकरी तेवढी वाचली.

रस्त्यावर जीपची वाट बघताना सासूनं विचारलं, "काऊन बोलली वं? मी सांभाळलं होतं न."

"तुमच्या माथी कशाला मारू, आत्या?"

"इतके दिवस कोणाच्या माथी होतं मंग?"

जीप आली. चांगुणाबाई पुढे होऊन चढली आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर सुनेसाठी पिशवी ठेवून बसली.