कडुनिंबाला वळसा घालून

खाटेवर पडलेला माणूस आमच्या सिस्टरना पाहवत नसे. हे ऐकून कुणाला वाटेल, काय कनवाळू बाई असेल! तसं काही नव्हतं. दिवसाउजेडी कुणी लोळताना दिसला, की त्या दारातूनच ओरडत, "काहून गा, खाट भाड्यानं घेतली का?" आणि तो म्हातारा, मग तो एकेकाळचा हेडमास्तर का असेना, धोतर सावरत उठून बसे. नागपुरात उमरेड रोडला लागून असलेल्या त्या वृद्धाश्रमात सगळे त्यांना मागे 'कायदेबाई' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं.

मी तिथे गेले ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. नुकतीच डॉक्टर झाले होते. सीताबर्डीवर एका जिन्याखाली दवाखाना थाटला होता आणि त्यात पेशंटांपेक्षा माशा जास्त होत्या. आश्रमाच्या विश्वस्तांनी विचारलं, दर मंगळवारी येऊन आमची म्हातारी माणसं तपासाल का? मी त्यांचं वाक्य पुरं होण्याआधी हो म्हटलं. पहिल्या मंगळवारी नवा स्टेथोस्कोप गळ्यात अडकवून तडक खोल्यांकडे निघाले, तर एक पन्नाशीची ठेंगणी बाई आडवी आली. कडक इस्त्रीचं पांढरं पातळ, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

"कुठं निघाल्या, डाक्टरबाई?"

"पेशंट बघायला."

"पेशंट तुमच्याकडं येतीन. तुम्ही ओपीडीत बसा."

"अहो, पण ते इथेच तर राहतात!"

"राहतेत ना. मंग काय झालं? डाक्टरकडं जाणं म्हणजे गावाले जाणं. कपडे बदलून जा लागते."

ओपीडी म्हणजे इमारतीच्या टोकाची जुनी कोठीची खोली. आतल्या व्हरांड्यातून तिला सरळ दार होतं, चार पावलांवर. सिस्टरनी त्या दाराला कुलूप ठोकून पुढे लोखंडी कपाट उभं केलं होतं. त्यामुळे ज्याला डॉक्टर हवा त्याने पुढच्या पायऱ्या उतरायच्या, अंगणातल्या कडुनिंबाला वळसा घालायचा आणि बाहेरच्या दाराने आत यायचं. मला हा निव्वळ छळ वाटला. पण सिस्टरनी माझी खुर्ची खिडकीशी लावली होती आणि पहिली आजी पायऱ्या उतरू लागताच त्या माझ्या कानाशी लागल्या, "पाहून घ्या. कोन पाय घासून राहिलं, कोन कुठं थांबलं, कोनाले धाप लागली. अर्धं तपासणं तिथंच होते." कॉलेजात पाच वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मंगळवारची सकाळ त्या आश्रमात सणासारखी असे. पुरुषांच्या दाढ्या व्हायच्या, बायकांच्या पातळांच्या घड्या मोडायच्या. एक आजी तर नथ घालून यायच्या आणि मला जीभ दाखवताना ती डाव्या हाताने उचलून धरायच्या. नंबर म्हणून सिस्टर पत्त्याचं एकेक पान वाटत. वय, मान, विश्वस्तांशी ओळख, काही चालायचं नाही. ज्याला एक्का मिळाला तो आधी. आमचे गार्डसाहेब, म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले एक सहा फुटी गृहस्थ, दर वेळी एक्का मागत. "मी ब्रिटिशांच्या काळात मेल चालवली आहे," ते सांगत. "मंग आता पॅसिंजरनं या," असं म्हणून सिस्टर त्यांच्या हातात चौकटची नव्वी ठेवत.

सिस्टरचे कायदे एका जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला निळ्या पेन्सिलीने लिहून भिंतीला टांगलेले होते. त्यांना त्या 'कलम' म्हणत. दोन कलमांना सहा नंबर होता आणि आठवं कलम नव्हतंच, पण त्यावर बोलायची कुणाची छाती नव्हती. म्हातारं माणूस आत आलं की डॉक्टरने उठून उभं राहायचं, हे पहिलं. मी एकदा लिहिण्याच्या नादात बसून राहिले, तर सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "खुर्ची चिकटली का, डाक्टरबाई?" तिसरं कलम असं, की विचारायचं ते पेशंटलाच. भेटीला आलेला मुलगा किंवा सून बोलायला लागली, की त्यांना मागच्या स्टुलावर बसवलं जाई. एका सुनेने "यांना ऐकू येत नाही, मी सांगते," म्हटलं, तर सिस्टर म्हणाल्या, "त्याहिले ऐकू येत नाही, तुमाले दम धरता येत नाही. दोघींचं औषध घेऊन जा."

आणि चौथं कलम पिशवीचं. प्रत्येकाने आपली कापडी पिशवी सोबत आणायची आणि टेबलावर उलटी करायची. जपमाळ, सुपारी, नातवाचा फोटो, कधीची तरी संत्रागोळी, आणि त्यातून वाट काढत औषधाच्या पुड्या. "तोंड लाजते," सिस्टर म्हणत, "पिशवी लाजत नाही." हे मला जरा अतीच वाटे. दुसऱ्याच्या पिशवीत हात घालणं माझ्या संस्कारात बसत नव्हतं, असं मी तेव्हा मोठ्या तोऱ्यात म्हणत असे.

मग आला मे महिना. नागपूरचा मे ज्यांनी काढलाय त्यांना मी काय सांगणार! सिस्टर भाच्याच्या लग्नाला भंडाऱ्याला गेल्या होत्या. अंगण भट्टीसारखं तापलेलं आणि मला दुपारच्या आत एका मैत्रिणीच्या बारशाला पोचायचं. मी मनाशी म्हटलं, या म्हाताऱ्यांना उन्हात कशाला फिरवा? आपणच खोल्यांतून एक चक्कर मारू. तासाभरात काम उरकलं. सगळे खाटांवर पडून होते, मी भराभर नाड्या पाहिल्या. वाटलं, किती सोपं आहे हे, उगाच त्या बाईने अवडंबर माजवलंय.

त्या चकरेत सीतारामबुवा होते. उमरेडचे विणकर. साठ वर्षं हातमागावर बसलेले, त्यामुळे नुसते गप्पा मारत बसले तरी त्यांचे दोन्ही हात धोटा फेकल्यासारखे हलत असायचे. गेले काही दिवस त्यांना उभं राहिलं की भोवळ येत होती, न्हाणीघरात दोनदा पडले होते. ते आडवे असतानाच मी त्यांना तपासलं आणि वयोमानाने अशक्तपणा, असा निकाल दिला. व्यवस्थापकांनी लगेच एक कागद पुढे केला. बुवांना लांब खोलीत हलवण्याचा. मी सही केली.

लांब खोली म्हणजे अंथरुणाला खिळलेल्यांची खोली. तिथे जाताना माणसाची चप्पल, काठी आणि पिशवी कपाटात ठेवून देत, कारण त्यांची आता गरज नाही असं धरलेलं असे. तिथून चालत परत आलेलं कुणी आश्रमाने पाहिलं नव्हतं. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी सही केली, आणि बारशाला जाऊन दोन वाट्या श्रीखंड खाल्लं.

पुढच्या मंगळवारी सिस्टर माझी वाट पाहत फाटकात उभ्या होत्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला हाताला धरून त्यांनी लांब खोलीत नेलं. सीतारामबुवा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"त्याहिचे हात पाहा," सिस्टर हळूच म्हणाल्या.

हात थांबले होते. पोटावर नुसते ठेवलेले. मला एकदम भडभडून आलं.

"रडू नको वं," त्या म्हणाल्या. एरवी त्या मला 'डाक्टरबाई' आणि 'तुम्ही' म्हणत. रागावल्या किंवा माया आली तरच 'वं' यायचं. तेव्हा नेमकं काय होतं, कुणास ठाऊक. "पाचवं कलम वाच. वळसा घातल्याबिगर कोनाले लांब खोलीत न्यायचं नाही. चाल, धर त्याले एका अंगानं."

आम्ही बुवांना बंडी घातली, टोपी घातली, कपाटातून चप्पल आणि पिशवी काढली. आधी आडवं असताना रक्तदाब घेतला, मग उभं करून. उभं राहिल्यावर तो धाडकन उतरला. हे मी आठवड्यापूर्वीच करायला हवं होतं. मग सावकाश, थांबत थांबत, तो कडुनिंबाचा वळसा. बाकावर बसलेले सगळे हातातली पानं विसरून पाहत होते. बुवा आत आले, मी उभी राहिले, आणि सिस्टरनी पिशवी उलटी केली. सुताची गुंडी, सुई, अडकित्ता, आणि कागदात जपून बांधलेल्या अर्ध्या अर्ध्या पांढऱ्या गोळ्या.

"बुवा, ह्या कोनाच्या?"

बुवांनी दाराकडे पाहिलं. बोलले ते दाराबाहेरून गार्डसाहेब. "माझ्या आहेत. बीपीच्या. महागाच्या आहेत हो, चांगल्या आहेत. मी एकटा कसा खाऊ? रोज अर्धी त्याला देतो, चार पुढच्याही बांधून ठेवल्यात. लांब खोलीतसुद्धा नेऊन दिली, एक दिवस चुकवली नाही."

मित्राने सुपारीचं खांड पुढे करावं, तसा हा माणूस रोज संध्याकाळी औषध वाटून घेत होता. बुवांचा रक्तदाब मुळात कमीच. आणि गार्डसाहेबांचा का उतरत नाही म्हणून मी दोन महिने डोकं खाजवत होते! गार्डसाहेबांना सगळं समजलं तेव्हा तो सहा फुटी माणूस बाकावर बसून लहान पोरासारखा रडला. बुवाच मग त्यांची समजूत घालत बसले, "जाऊ दे गा गार्ड, गोळी गोड होती तुई."

बुवा आठ दिवसांत आपल्या खाटेवर परत आले. मी तो कागद फाडायला घेतला, तर सिस्टरनी हात धरला. "फाडता कायले? मागं लिहा." मी मागे लिहिलं, 'हलवणे रद्द. चूक माझी,' आणि सही केली. त्याच दिवशी कॅलेंडरवर आठवं कलम आलं. चूक ज्याची, त्याने वळसा घालायचा. अख्ख्या आश्रमासमोर, भर उन्हात, मी कडुनिंबाला वळसा घातला. माझ्या हातात सिस्टरनी जोकर दिला होता. नथवाल्या आजींनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर बारा-तेरा वर्षं गेली. बुवा गेले, तेही आपल्याच खाटेवर, हात हलवत. माझा दवाखाना जिन्याखालून रस्त्यावर आला, केस पिकू लागले, पण मंगळवार मी सोडला नाही. सिस्टर निवृत्त झाल्या आणि त्याच आश्रमात एक खोली घेऊन राहिल्या. खोलीत एक बुद्धाची मूर्ती, एक ट्रंक आणि इस्त्री. नव्या व्यवस्थापकांना त्या फारशा झेपत नव्हत्या.

एका मंगळवारी व्यवस्थापकांनी माझ्यापुढे कागद ठेवला. सिस्टरना लांब खोलीत हलवण्याचा. "गुडघे गेलेत. महिन्याभरात दोनदा पडल्या. सही करा, मॅडम." मी म्हटलं, "ओपीडीत पाठवा."

खिडकीतून पाहत बसले. बऱ्याच वेळाने त्या पायऱ्यांवर दिसल्या. कडक इस्त्रीचं पांढरं पातळ, पायात चपला, काखेत पिशवी, हातात पत्त्याचं पान. कडुनिंबापाशी दोनदा थांबल्या. मी मोजलं, पाहिलं, अर्धं तपासणं तिथेच केलं. त्या दारात आल्या आणि मी उभी राहिले. व्यवस्थापक सांगू लागले, "यांना ना..." मी त्यांना स्टुलावर बसवलं. सिस्टरच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. आडवं आणि उभं करून रक्तदाब घेतला. उभं राहिल्यावर धाडकन उतरला.

"पिशवी," मी म्हटलं.

सिस्टरनी पिशवी छातीशी घट्ट धरली. "त्यात काही नाही वं."

"चौथं कलम, सिस्टर."

मी पिशवी सोडवून घेतली आणि उलटी केली. कंगवा, रुमाल, किल्ल्यांचा रिकामा जुडगा, आणि कागदात जपून बांधलेल्या अर्ध्या अर्ध्या पांढऱ्या गोळ्या. त्या खिडकीबाहेर बाकाकडे पाहत होत्या, जिथे ऐंशीच्या घरातले गार्डसाहेब काठीवर हनुवटी टेकून बसले होते.

"एक दिवस डोकं दुखते म्हटलं मी," त्या पुटपुटल्या. "तवापासून रोज दारात येऊन उभा राहते म्हातारा, बुवाचं सारं विसरला. घोट घेतला का नाही पाहून मंगच जाते. कधी मी लपवतो, कधी खा लागते. अर्ध्यानं काय होते, म्हटलं."

"तुम्ही? सिस्टर, तुम्ही?"

"त्याचा दोस्त गेला ना. दुसरं कोन हाय त्याले, द्यायले?"

मी हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्याही हसल्या, पातळाचा पदर तोंडाला लावून. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. गार्डसाहेबांच्या गोळ्या त्या दिवसापासून ऑफिसच्या कपाटात गेल्या, आणि रोज संध्याकाळी सिस्टरना देण्यासाठी त्यांच्या हातात मी खडीसाखर ठेवायला सांगितली. त्या कागदाच्या मागे मी लिहिलं, 'हलवणे रद्द.' पुढे लिहिणार, तर सिस्टर म्हणाल्या, "चूक माझी, लिहा. आन् चला, आठवं कलम राहिलं."

आम्ही दोघींनी मिळून वळसा घातला. त्यांनी माझा दंड धरला होता.

तीन वर्षांनी त्या गेल्या, एका बुधवारी. आदल्या दिवशी ओपीडीत येऊन, पिशवी उलटी करून, बदामची राणी मला परत देऊन गेल्या होत्या. लांब खोली त्यांनी पाहिली नाही. नव्या व्यवस्थापकांनी नंतर एकदा विचारलं, आतल्या दारापुढचं ते कपाट हलवू का, म्हाताऱ्यांना चार पावलांत येता येईल. मी म्हटलं, आधी तुम्ही वळसा घालून या, मग बोलू. ते रागावून गेले. कपाट तिथेच राहिलं, आणि पुढची आजी नथ सावरत पायऱ्या उतरताना दिसली, तशी मी खुर्चीतून उठले.