वाकलं की पडणारा थेंब

"रडू नका हो बाई, स्कॅन दुखत नाही," मी धीर दिला.

सुमनबाई चपला काढायला वाकल्या होत्या आणि फरशीवर टपकन थेंब पडला होता. त्यांनी मान वर केली. डोळे कोरडे ठणठणीत.

"मी रडत नाहीये, डॉक्टर."

थेंब डाव्या नाकपुडीतून आला होता.

नव्वदच्या दशकाची अखेर. बारामतीतलं माझं सीटी मशीन सेकंडहँड, आत्मविश्वास मात्र कोरा. सुमनबाई कळसच्या शाळेत शिक्षिका. सर्दीची औषधं खाऊन कंटाळलेल्या. मी त्यांना उताणं झोपवून स्कॅन काढला. डाव्या कानामागच्या हाडात पाणी दिसलं. "जुनं इन्फेक्शन," मी फैसला सुनावला.

त्यांचे यजमान दिनकरराव, इंदापूरला वायरमन. फिल्मचं पाकीट हातात घेईनात.

"घरात वंदनेला वाकली की फरशीवर थेंब पडतोय. आई म्हणती, बाहेरचं हाय. आमी भुतंखेतं मानत न्हाय, डॉक्टर. पर दोनदा ताप मेंदूत गेला हिच्या. दुसऱ्या टायमाला मला वळखंना. तिसऱ्यांदा आला तर?"

"आणि हजेरी," सुमनबाई हळूच म्हणाल्या. "मी नाव घेते, आणि डाव्या कानात तेच नाव कुणीतरी परत घेतं. माझ्याच आवाजात."

भुतंखेतं मीही मानत नाही. तरी खोलीतला दुसरा दिवा लावला.

मग डोकं चाललं. कानाच्या वर मेंदू असतो, मध्ये पापडासारख्या पातळ हाडाचं छत. त्याला आपोआप भोक पडलं, तर मेंदूभोवतीचं पाणी कानात उतरतं आणि आतल्या नळीनं नाकात येतं. कान पाण्यानं भरला की स्वतःचा आवाज आत घुमतो. त्याच वाटेनं जंतू वर चढतात. म्हणून ते ताप. मी काप काढले होते आडवे, छताला समांतर. घर आडवं कापून छपराचं भोक दिसतं होय?

दुसऱ्या दिवशी भूलतज्ज्ञांना बोलावलं. पाठीच्या कण्यातून स्कॅनमध्ये पांढरा दिसणारा डाय सोडला, डोकं खाली ठेवलं, मग पालथं झोपवून, मान मागे करून बारीक उभे काप घेतले.

"बाई, ठीक आहात ना?" मी माइकवर विचारलं.

"ठीक आहे." मग थोडं थांबून, "दोनदा म्हणाले का मी?"

तेवढ्यात स्क्रीनवर ते उमटलं. छतात फट, आणि फटीतून कानात लोंबणारी पांढरी धार.

पुण्यात ऑपरेशन झालं, भोक बुजवलं. धडा एवढाच: पेशंट वाकल्यावर जे होतं, ते पेशंटला उताणं झोपवून शोधू नये.

दोन महिन्यांनी दोघं पेरू घेऊन आले. ना थेंब, ना ताप.

"आणि आवाज?"

"गेला," सुमनबाई म्हणाल्या. "पण हजेरी घेताना आता चुकल्याचुकल्यासारखं होतं बघा."

हे मी घरी रंगवून सांगितलं. बायको पेरू चिरत होती.

"होणारच," ती म्हणाली. "तिचा शब्द न् शब्द ऐकणारं कुणीतरी होतं. मी मघापासून तिसऱ्यांदा मीठ मागतेय."