मिरजेला नेले

आमच्या गावात माणूस जास्त आजारी पडला की आधी कोरेगाव, मग सातारा. साताऱ्याच्या डॉक्टरनं हात टेकले की मिरज. मिरजेच्या पुढं न्यायला आम्हाला काही ठाऊक नाही. त्यामुळे अमक्याला मिरजेला नेलं एवढं कानावर आलं की बायका पुढचं विचारत नाहीत. गॅस बंद करतात, पदर सारखा करतात आणि त्या घराकडे चालू लागतात.

माझ्या सासूला मिरजेला नेलं. माझ्या मालकांना नेलं, तेव्हा मी बरोबर होते. पॅसेंजरमध्ये त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. रहिमतपूर गेल्यावर त्यांनी पाणी मागितलं, तेही गिळता आलं नाही. परत येताना रेल्वे नव्हती, जीप होती. त्याच्यावर जास्त लिहीत नाही.

म्हणून नातीनं जेवताना सांगितलं, की बारावीनंतर तिला नर्सिंगला जायचंय आणि कॉलेज मिरजेत आहे, तेव्हा माझ्या तोंडातला घास तिथंच राहिला. मुलगा फौजेत, सीमेवर. घरात मी, सून आणि ही नात. सुनेनं त्याला फोन केला तर तो म्हणाला, आई म्हणेल तसं करा. म्हणजे सगळं माझ्या शब्दावर आलं. मी नाही म्हणाले. सुनेनं कारण विचारलं, तर पोरीच्या जातीला एवढं लांब नको म्हणून सांगितलं. ते खरं कारण नव्हतं. खरं कारण बोलून दाखवलं तर ते घडेल असं मला वाटत होतं, आणि अजूनही वाटतं.

नात गप्प बसणारी नाही. तिनं अभ्यास सोडला नाही आणि विषयही सोडला नाही. रोज काहीतरी निमित्त काढून मिरजेवर यायची. मी उठून गोठ्यात जायची.

आमच्या हायस्कूलला अकरावी-बारावीचे वर्ग जोडलेले आहेत. तिथले विज्ञानाचे सर मुलांना कॉलेजसाठी तयार करायचं म्हणून दर शनिवारी वेगळा तास घ्यायचे. पुस्तकाचा नाही. बँकेत स्लिप कशी भरायची, रेल्वेचा बोर्ड कसा वाचायचा, होस्टेलवर अंगात ताप आला तर कुणाला सांगायचं, असलं सगळं. सर स्वतः कॉलेजच्या ऑफिसातला खडूस क्लार्क व्हायचे आणि पोरांना खिडकीतून हाकलून द्यायचे. पोरांनी रडायचं नाही, परत यायचं आणि परत विचारायचं. मी डेअरीला दूध घालून येताना कुंपणापाशी उभी राहून बघायची. माझी नात तिसऱ्यांदा खिडकीवर गेली आणि सरांना म्हणाली, "साहेब, जेवणाची सुट्टी झाली का अजून व्हायचीय, तेवढं सांगा, म्हणजे मी डबा खाऊन येते." सगळी पोरं हसली. मी रिकामी किटली उचलून चालू लागले. ही जाणार, हे मला तेव्हाच कळलं होतं.

हायस्कूलच्या फाटकाशी एक काळा फळा आहे. त्याच्यावर शाळेच्या बातम्या लिहितात. सहावीतल्या मुलाची एक चप्पल सापडली आहे, ओळख पटवून न्यावी. नववीतल्या अमक्याचे वडील सुभेदार झाले, अभिनंदन. गेल्या वर्षीची विद्यार्थिनी साताऱ्यात फार्मसीला लागली. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण खडूची मोठी अक्षरं मला चष्म्यातून रस्त्यावरून वाचता येतात. आता तेच शाळेच्या मोबाइल ग्रुपवरही टाकतात. तरी गाव फळा वाचतं, कारण फळ्यापाशी उभं राहून त्याच्यावर बोलता येतं.

थंडीत सरांनी बारावीच्या पोरांना सांगलीची कॉलेजं दाखवायला न्यायचं ठरवलं. सांगली म्हटल्यावर मी आडवी आले नाही. नात सकाळच्या गाडीनं गेली. सुनेनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती.

पुढं काय झालं ते मला नंतर कळलं. सांगलीचं बघून लवकर उरकलं. मिरज तिथून अगदी जवळ. सरांनी विचार केला की मुलींना नर्सिंगचं कॉलेज आणि त्याचा दवाखानाही दाखवून आणावं. त्यांनी शाळेत फोन केला की मुलींना मिरजेला नेतोय, उशीर होईल, पालकांना कळवा. शाळेतला क्लार्क नवा, विदर्भाकडचा. त्याला आमच्याकडचं बोलणं काय माहीत. त्यानं इमानदारीनं फळ्यावर लिहिलं, आणि ग्रुपवरही टाकलं:

बारावी विज्ञानच्या मुलींना मिरजेला नेले आहे. परतायला उशीर होईल. पालकांनी काळजी करू नये.

मी तेव्हा सोप्यात घेवडा निवडत होते. सून आतून मोबाइल घेऊन आली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. ती वाचून दाखवेना, म्हणून मी मोबाइल हातात घेतला आणि बोट ठेवून वाचलं. पहिली ओळ वाचून माझे कान बंद झाले. तिसऱ्या ओळीनं उरलंसुरलं संपलं. काळजी करू नका असं आमच्याकडे कधी म्हणतात, ते मला विचारा. जीपमधून मालकांना खाली घेताना ड्रायव्हरही मला तेच म्हणाला होता.

सुनेनं नातीला फोन लावला. बंद. सरांना लावला. बंद. दवाखान्यात शिरताना सरांनी मुलींना आणि बरोबरच्या मुलांनाही मोबाइल बंद करायला लावले होते, हे आम्हाला कुठून कळणार. शाळेचा फोन वाजत राहिला. क्लार्क घरी गेला होता.

मी सुनेला म्हणाले, हायस्कूलपर्यंत जाऊन येते. चप्पल घालायची राहिली. फळ्यापुढं माणसं जमली होती. मला बघून त्यांनी वाट दिली, आणि अशी वाट मयताच्या घरच्यांनाच देतात. एकजण म्हणाला, एसटी उलटली असंल. दुसरा म्हणाला, पोरं रेल्वेनं गेली होती. तिसऱ्यानं सांगितलं की सांगलीत बाहेरचं खाल्लं असणार, पोरी तेवढ्याच कशा, पोरं का न्हाईत. जेवढी तोंडं तेवढं मरण. मी फळ्यावरची अक्षरं परत वाचली. घरी मोबाइलवर चूक झाली असेल असं मनात होतं. तीच अक्षरं होती.

परत आले तर दारात बायका येऊन बसल्या होत्या. माझी थोरली जाऊ पुढं बसली होती. कुणी रडत नव्हतं. रडायला खात्री लागते, म्हणून सगळ्या थांबल्या होत्या. सून भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या हातात पोरीचा घरातला स्वेटर होता. मी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि आत नेऊन ठेवला. तिला तसं धरून बसू द्यायचं नव्हतं.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. गावातल्या कुणीतरी तिकडं कळवलं होतं. एरवी त्याचा आवाज मोठा असतो, रेंज नसते म्हणून ओरडून बोलतो. त्या दिवशी तो हळू बोलला.

"आई, साहेबांनी सुट्टी दिलीय. मी निघतोय. पोरगी हाय का न्हाई, तेवढं एक सांग."

हो म्हणावं तर खोटं ठरलं तर काय, आणि नाही म्हणायला जीभ वळेना. मी मोबाइल जावेच्या हातात दिला. तिनं कानाला लावला आणि लगेच मांडीवर ठेवला. पलीकडं मुलगा आई, आई करत होता, ते मला लांबूनही ऐकू येत होतं. माझ्या आयुष्यात मालक गेले, दुष्काळ बघितला, मुलगा सीमेवर असताना गोळीबाराच्या बातम्या ऐकल्या. पण त्या मोबाइलमधून येणाऱ्या आवाजाला मी जेवढी भ्याले तेवढी कशाला भ्याले नाही.

दिवस मावळायच्या बेताला कोरेगावहून माणसं भरून वडाप आलं. दारासमोर थांबलं. नात उतरली. हातात बूट, कारण नवीन बूट चावले होते, आणि तोंडाला भडंगाचं तिखट लागलेलं. दारात एवढ्या बायका बघून ती जागेवरच थांबली. तिचं तोंड उतरलं. तिला वाटलं, म्हातारी म्हणजे मी गेले.

"कोण गेलं?" तिनं विचारलं.

मीच म्हणाले, "तू."

ती आधी हसली. मग आईकडं बघून हसायची थांबली. सून उठून तिच्या अंगाला हात लावून बघत होती, डोकं, खांदे, दंड, बाजारात जनावर चाचपतात तसं. बायका एकेक करून उठल्या. त्या परत जाताना मात्र बोलायला लागल्या. त्यांना राग आला होता, सरांचा आणि क्लार्कचा, आणि थोडा माझ्या नातीचाही, की ही धडधाकट कशी आली.

मुलाला फोन केला. त्यानं पोरीचा आवाज ऐकून घेतला. मग म्हणाला की आता येत नाही, पण मिरज नको. कोरेगावात काय मिळंल ते कर. आणि फोन ठेवला. मला वाटलं, सुटले. माझ्या मनातलं त्याच्या तोंडून आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सर आणि क्लार्क दोघं घरी आले. क्लार्क हात जोडून उभा होता. त्याला अजून कळलं नव्हतं की त्यानं काय चुकीचं लिहिलं. खरं म्हणजे चुकीचं काही लिहिलंच नव्हतं. सर म्हणाले की पोरीला गुण आहेत, मन आहे, तिला अडवू नका. मी चहा दिला. ते गेल्यावर नात माझ्यासमोर येऊन बसली. जाऊही होती, पान लावत.

"आजी, तुला मिरजेची भीती वाटती, व्हय का न्हाई?"

मी कपबशा गोळा करू लागले. तरी तिला समजलं.

मग तिनं जावेकडं बोट केलं. "थोरल्या आजीचं पोटाचं ऑपरेशन कुठं झालं?"

जाऊ पान लावायची थांबली. तिचं ऑपरेशन मिरजेतच झालं होतं. मी स्वतः डबे पाठवले होते. पण गावात तिच्याबद्दल कोणी तसं कधी बोललं नाही. ती आली, तेव्हा सगळे म्हणाले, दवाखाना करून आली. जो परत येतो त्याला आम्ही दवाखाना करून आला म्हणतो. जो येत नाही, त्याच्यापुरतं तेवढं मिरजेचं नाव ठेवलेलं. माझ्या एवढ्या वयात हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. काल जाऊ पुढच्या ओळीत बसली होती, तेव्हा तिच्याही ध्यानात आलं नसणार.

"चालत घरी येत्यात त्यांची बातमी कुणी लिहीत न्हाई," नात म्हणाली. "काल मी वॉर्डात आपल्याकडचा एक म्हातारा बघितला. सिस्टरला म्हणत होता, उद्या सोडा, म्हशीची धार राहिलीय. त्या सिस्टरगत मला व्हायचंय. दुसरं काय न्हाई."

जाऊ म्हणाली, "सोड तिला. मी काय भूत हाय का, परत आलेली?"

मी होकार दिला. पटलं म्हणून दिला असं कुणी समजू नये. जावेच्या पोटाला टाके पडून ती जगली म्हणून माझ्या मांडीवरचं डोकं परत येत नाही. पण नाही म्हणायला माझ्याकडे जे कारण होतं ते त्या दोघींनी माझ्यासमोर उघडं ठेवलं होतं, आणि उघडं पडल्यावर ते फार लहान दिसत होतं. भीती तेवढीच राहिली. मुलाला मीच फोन करून सांगितलं. तो म्हणाला, तू म्हणतीस? मी म्हणाले, मी म्हणते.

परीक्षा झाली, निकाल लागला, तिचा नंबर लागला. तिला सोडायला सून आणि मी गेलो. गाडीत मी खिडकीला बसले नाही. स्टेशनवर उतरल्यावर जागेची ओळख पटेल असं वाटलं होतं, पण सगळं बदललेलं होतं, आणि मला ते बरं वाटलं नाही. जे आठवत होतं ते निदान माझं होतं.

होस्टेलवर सामान ठेवलं. गादी, बादली, तिची एक पेटी. ती आम्हाला गेटापर्यंत सोडायला आली. गेटातून आत दवाखान्याची इमारत दिसत होती. माझी नजर तिकडं जाऊ नये म्हणून मी तिच्या वेणीकडं बघत होते.

तेवढ्यात एक गाडी येऊन लागली. मागच्या सीटवर एक म्हातारा आडवा आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन एक बाई. बोलण्यावरून पाटणच्या बाजूची वाटली. तिनं काचेतून माझ्याकडंच बघून विचारलं, "आवं, केसपेपर कुठं काढायचा?" मी मागं सरले. नात पुढं झाली. तिलाही त्या जागेत एक तासच झाला होता, तिलाही माहीत नव्हतं. ती म्हणाली, "मी विचारून आलेच," आणि पळत आत गेली. मग बाहेर येऊन तिनं गाडीचं दार उघडलं, बाईचा हात धरला, आणि चाकाची खुर्ची घेऊन येणाऱ्या माणसाला इकडं इकडं म्हणून हाका मारू लागली. सगळे मिळून आत गेले. तिनं मागं वळून बघितलं नाही.

सून म्हणाली, "आत्याबाई, थांबू या का ती येईस्तोवर?"

आत जाऊन तिला ओढून बाहेर आणावं आणि पहिल्या गाडीनं घरी न्यावं, असं इतकं मनात आलं की मी गेटाची सळई धरून ठेवली.

"नको," मी म्हणाले. "ती कामात हाय. गाडी चुकंल आपली."